रेषा बघ आधी : विमानाच्या खेळासाठी लाकडी योक बनवताना

रविवारी सकाळी पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या २८ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरत होतो. संगणकावरच, पण हात खरेच घामेजले होते. वेग ६५ नॉट, धावपट्टीचा अलीकडचा काठ पंखाखालून सरकला, नाक उचलण्यासाठी मी योक (विमान चालवायचं अर्धं चाक) स्वतःकडे ओढला आणि तडकन आवाज झाला. डाव्या हातात योकचं डावं शिंग, म्हणजे डावी मूठ, आलं होतं. नुसतं शिंग. बाकीचा योक जागेवर, आणि विमान नाक खाली घालून डांबरावर आपटलेलं.

ते शिंग सागाचं होतं. पाडलेल्या एका जुन्या वाड्याच्या तुळईतून निघालेली फळी, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधल्या वखारीतून मी मुद्दाम निवडून आणली होती. २८ मिलिमीटर जाडी, एकही गाठ नाही, रंधा मारल्यावर मधासारखा रंग आला होता. तीन शनिवार-रविवार खर्चून त्या एका फळीतून मी योकचं चाक कापलं, कानशीने गोल केलं, पॉलिशपेपर मारून हातात बसेल असं केलं. आणि ते एखाद्या खारी बिस्किटासारखं सरळ रेषेत तुटलं. तुटलेली जागा हाताला अगदी गुळगुळीत लागत होती. एकही धागा ओढून निघालेला नव्हता.

मी फोटो काढला आणि मामांना पाठवला. मामा वाई तालुक्यात राहतात, पिढीजात सुतारकाम. गावात बैलगाड्या होत्या तोवर त्यांनी जू, दांड्या, चाकांचे आरे, औताची रुमणी हेच केलं, नंतर दारं-खिडक्या. पाच मिनिटांत फोन आला.

"आरं, रेषा बघितलीस का आधी?"

"मामा, लाकूड एकदम चांगलं होतं. जुना साग."

"लाकूड चांगलंच हाय. रेषा कुठनं कुठं चाललीया ते बघ की फोटोत."

मी फोटो मोठा करून बघितला. फळीची रेषा, म्हणजे लाकडातल्या धाग्यांची दिशा, आडवी होती, डावीकडून उजवीकडे. चाकाचा मधला आडवा भाग त्या रेषेबरोबर होता, म्हणून तो दगडासारखा पक्का. पण दोन्ही शिंगं उभी. म्हणजे शिंगाच्या बुडाशी रेषा शिंगाला आडवी जात होती आणि तिथे लाकडाला धरून ठेवणारा लांब धागाच नव्हता. लाकूड रेषेच्या दिशेने ओढलं तर प्रचंड ताकद सोसतं, रेषेला आडवं वाकवलं तर ढलपी निघावी तसं सुटतं. हे मला ऐकून माहीत होतं. पण आकार कापताना माझ्या डोक्यात फक्त आकार होता.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. मला विमानाच्या सिम्युलेटरचा नाद आहे. फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर फुकट मिळतो, १९९७ पासून जगभरातली माणसं तो मिळून घडवत आली आहेत, आणि त्यातलं सेस्ना १७२ हे माझं आवडतं विमान. खरं सेस्ना १७२ सन १९५६ पासून बनतंय, आजवर ४४ हजारांहून जास्त बनली आहेत, आणि जगभरात कितीतरी वैमानिक त्याच्यावरच शिकतात. त्यात दांडा नसतो, योक असतो : डॅशबोर्डमधून बाहेर आलेली एक नळी आणि तिच्या टोकाला अर्धं चाक. फिरवलं की विमान कलतं, ओढलं की नाक वर, ढकललं की खाली.

माझ्याकडे आधी साधी जॉयस्टिक होती. तिचा मुठीपाशी जाणारा पल्ला पुढे-मागे मिळून जेमतेम सहा-सात सेंटिमीटर. उतरताना शेवटच्या दहा फुटांवर नाक केसभर उचलायचं असतं, आणि त्या जॉयस्टिकवर केसभर म्हणजे दोन मिलिमीटर. हाताला तेवढं बारीक जमत नाही. योकला १५ सेंटिमीटरचा पल्ला दिला तर तेच काम हात सहज करतो. तयार योक बाजारात मिळतात, चांगलेही असतात, पण त्यांची किंमत मला परवडणारी नव्हती. शिवाय लाकडाचं काम मला लहानपणापासून बघून ठाऊक होतं. आजोळी मे महिन्याची सुट्टी मामांच्या भुशातच गेलेली.

आणि हा शब्दसुद्धा घरचाच निघाला. इंग्रजीतला योक म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू. नुसता अर्थ एक नाही, मूळही एकच : त्यातूनच संस्कृतातला युग आणि त्यापासून आपलं जू, आणि तिकडे त्याच मुळातून योक. मामांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग ह्ये माझंच काम की." पुढच्या शनिवारी मी तुटलेलं शिंग पिशवीत घालून वाईला गेलो.

मामांच्या पडवीत अजून एक जुनं जू टांगलेलं आहे. त्यांनी ते खाली काढून माझ्या मांडीवर ठेवलं. लांबलचक, मधे जाड, टोकांकडे निमुळतं, शिवळा (जुवाच्या खुंट्या) घालायची भोकं वापरून गुळगुळीत झालेली. त्यांनी बोट ठेवून दाखवलं : रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड, भोकं पाडलीत तिथेही दोन्ही बाजूंनी भरपूर लाकूड शिल्लक. "बैल वढतो तवा ह्येच्यावर काय येतं ते बघून लाकूड निवडायचं. तुझ्या चाकावर काय येतंय?"

यावर आम्ही चहा होईपर्यंत बोललो. माझ्या चाकावर ताकद दोन दिशांनी येते. ओढताना शिंगाचं टोक माझ्याकडे येऊ बघतं, फिरवताना आडवं वाकू बघतं. एकाच फळीत रेषा दोन्ही दिशांना असू शकत नाही. मग उपाय उरला थरांचा. मधे १२ मिलिमीटर प्लायवुड, कारण प्लायमध्ये एकाआड एक थरांची रेषा काटकोनात असते आणि ते कुठूनही कापलं तरी आडवं सुटत नाही. वर आणि खाली ८ मिलिमीटरची सागाची फळी, तीही एक तुकडा नाही : आडव्या भागाला आडव्या रेषेची, दोन्ही शिंगांना उभ्या रेषेची, आणि वरच्या थरातला सांधा खालच्या थरातल्या सांध्यावर येणार नाही अशी सरकवून.

मामांनी प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलने रेषेच्या दिशेचा बाण काढला. चिकटवताना फेविकॉल दोन्ही पृष्ठभागांना पातळ लावला, ब्रशने नाही, जुन्या एटीएम कार्डाने ओढून. पाच शिकंजे लावले. घट्ट आवळताना तुकडे गोंदावर घसरतात, म्हणून आधी कोपऱ्यात दोन बारीक चुका (खिळे) अर्ध्या ठोकून ठेवल्या आणि आकार कापायच्या वेळी त्या वाया जाणाऱ्या भागातून निघून गेल्या. रात्रभर दाबून ठेवलं. सकाळी शिकंजे काढल्यावर मामांनी तो ठोकळा कानाशी धरून बोटाने टकटक केलं, चारही कोपऱ्यांवर. पोकळ आवाज कुठे आला असता तर तिथे गोंद धरलेला नसता. आला नाही.

मग पुठ्ठ्याचा नमुना ठेवून आकार काढला. नमुन्यासाठी माझ्याच हाताचं माप : मूठ वळली की अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना जेमतेम टेकतील अशी ३२ मिलिमीटर जाडी, दोन शिंगांच्या बाहेरच्या कडांमध्ये ३० सेंटिमीटर. थर मिळून जाडी २८ भरत होती, म्हणून मुठीच्या जागी दोन्हीकडून दोन-दोन मिलिमीटरच्या सागाच्या पट्ट्या वाढवल्या. ते चाक आज दीड वर्ष वापरात आहे. एकदा चुकून टेबलावरून फरशीवर पडलं, कोपऱ्याला खोक पडली, सांधा जागचा हलला नाही.

नवं चाक झालं की काम संपलं असं वाटलं होतं. खरं तर भक्कम योकचं अवघड काम चाकाच्या मागे, पेटीच्या आत असतं. तिथे शत्रू एकच : ढिलाई, म्हणजे वर्कशॉपच्या भाषेत प्ले. जाड लाकूड वापरून योक जड होतो, भक्कम होत नाही. हातात धरून हलवल्यावर तो किंचितही खुळखुळला, तर उतरताना तुमचा हात आणि विमान यांच्यात तेवढी अनिश्चितता शिरते.

नळीपासून सुरुवात करतो. मला पोकळ नळी हवी होती, कारण चाकावरच्या बटणांच्या तारा तिच्यातूनच मागे न्यायच्या होत्या. आधी पाऊण इंची स्टीलची नळी आणली आणि ६२०४ क्रमांकाच्या बेअरिंगमध्ये घालून बघितली. पाऊण इंच म्हणजे १९ मिलिमीटर आणि वर थोडंसं, बेअरिंगचं भोक २० मिलिमीटर. नळी आत आरामात फिरली, आणि आरामात डुगडुगलीही. इन्सुलेशन टेप गुंडाळून बघितली. दोन दिवस बरी, तिसऱ्या दिवशी टेप सरकली.

मग बोहरी आळीतल्या एका दुकानदाराने वाट दाखवली. अर्धा इंची जीआय पाइप, नळकामात वापरतात तो, त्याला अर्धा इंच म्हणत असले तरी बाहेरून तो २१.३ मिलिमीटर असतो. लेथवर तो २० ला उतरवून घेतला तर ६२०४ मध्ये हाताने दाबून बसेल आणि हलणार नाही. कारखाने असतात त्या भागात एका छोट्या लेथवाल्याने दहा मिनिटांत ते करून दिलं. पाइपच्या पुढच्या टोकाला आटे तसेच ठेवायला सांगितले, कारण त्यावर नळकामाची फ्लँज, म्हणजे स्क्रूच्या भोकांची गोल चकती, बसते आणि फ्लँजला चार स्क्रूंनी लाकडी चाक. बेअरिंगं दोन, प्रत्येक १८ मिलिमीटर प्लायच्या उभ्या फळीत ४७ मिलिमीटरचं भोक पाडून ठोकून बसवलेलं. भोक होल-सॉने ४६ चं पाडलं आणि उरलेलं पॉलिशपेपर गुंडाळलेल्या दांड्याने खरवडत नेलं, बेअरिंग लाकडी हातोडीने ठोकल्यावरच आत जाईल इतपत.

या दोन फळ्या पहिल्यांदा मी १० सेंटिमीटर अंतरावर लावल्या होत्या. पेटी छोटी राहावी म्हणून. ते चुकलं. मागच्या बेअरिंगपाशी १ मिलिमीटरची ढिलाई असली आणि चाक पुढच्या बेअरिंगच्या २५ सेंटिमीटर पुढे असलं, तर चाकापाशी ती अडीच मिलिमीटर होते. बेअरिंगांमधलं अंतर २० सेंटिमीटर केलं की तीच ढिलाई निम्म्यावर येते. काही विकत आणावं लागलं नाही, फक्त गाडा लांब करावा लागला.

गाडा म्हणजे दोन फळ्या आणि त्यांना जोडणारा तळ, जो योकबरोबर पुढे-मागे सरकतो. सरकण्यासाठी ड्रॉवरचे टेलिस्कोपिक चॅनल वापरले, १० इंची. पहिल्यांदा ते गाड्याच्या खाली आडवे ठेवले, कारण स्क्रू मारायला ती जागा सोपी होती. गाडा सरकला, पण चाकावर हात टेकताच पुढे झुकायचा आणि मधेच गोळ्या कचकचायच्या. चॅनल उभा, कडेवर लावला तरच तो वजन पेलतो. कपाटात तो नेहमी ड्रॉवरच्या बाजूला उभा का असतो, हा प्रश्न मी इतक्या वर्षांत कधी विचारला नव्हता. आडवा टाकला की पत्रा वाकू लागतो आणि गोळ्यांवर चुकीच्या बाजूने भार येतो. मग पेटीच्या दोन्ही बाजूंच्या आतल्या अंगाला उभे लावले. डावा आणि उजवा एकमेकांना तंतोतंत समांतर बसले नाहीत तर गाडा एका टोकाला अडकतो, म्हणून गुण्याने दोनदा रेघ मारून, एका बाजूचे स्क्रू अर्धे आवळून, गाडा दहा-वीस वेळा पुढे-मागे करून मगच ते पूर्ण आवळले.

नव्या चॅनलमध्ये घट्ट ग्रीस असतं. ड्रॉवरला ते चालतं, योकला नाही. सुरुवातीला हात जड लागतो आणि मग एकदम सुटतो, त्या धक्क्याने विमानाचं नाक उडी मारतं. घासलेटने धुऊन, वाळवून शिलाई मशीनचं तेल चार-चार थेंब सोडलं. एवढ्याने जो फरक पडला तो मला बेअरिंगनेही पडला नव्हता.

आता चाक आपोआप मधोमध परत यायला हवं. कलण्यासाठी दोन ताणस्प्रिंगा, नळीला लावलेल्या लाकडी हाताच्या दोन बाजूंना. त्यांची दुसरी टोकं पेटीला नाही तर गाड्याला अडकवायची, नाहीतर योक पुढे ढकलला की स्प्रिंग तिरकी होते आणि चाक आपोआप वळू लागतं. पुढे-मागे होण्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागली : मध्यावर असताना दोन्ही बाजूंच्या पट्ट्या ताणलेल्याच असल्या पाहिजेत. एक सैल झाली की मधल्या जागी योकला धरणारं काही उरत नाही आणि तो दोन-तीन सेंटिमीटर नुसता लोंबकळतो. दोन्हीकडे साडेसात सेंटिमीटरचा पल्ला, म्हणजे पट्टी लांब हवी, आणि गाड्याच्या पुढे-मागे मोकळी जागा होती फक्त दहा-दहा सेंटिमीटर. म्हणून पेटीच्या पुढच्या भिंतीवरून येणारी पट्टी गाड्याच्या मागच्या टोकाला बांधली आणि मागच्या भिंतीवरची पुढच्या टोकाला. त्यामुळे प्रत्येक पट्टीला ३५ सेंटिमीटर लांबी मिळाली. न ताणता ती २४ ची कापली, म्हणजे योक कुठेही असला तरी ती सैल पडत नाही. रबर काही महिन्यांनी ढिलं होतं, म्हणून गाठ न मारता आकड्यावर अडकवलंय. बदलायला पाच मिनिटं लागतात.

बरेच जण मध्यावर एक खाच ठेवतात, योक तिथे येऊन टक्कन बसतो. मी मुद्दाम ठेवली नाही. उतरताना हात सगळा वेळ मध्याच्याच आसपास असतो, आणि प्रत्येक वेळी त्या खाचेतून बाहेर पडायला जोर द्यावा लागला तर सगळं बारीक काम बिघडतं. खऱ्या सेस्नामध्ये योकला मध्यावर आणणारी अशी स्प्रिंग नसते, शेपटीच्या पडद्यावर येणारा वाराच हाताला जोर देतो. म्हणून तर उभ्या सेस्नाचा योक पुढे, डॅशबोर्डकडे पडलेला दिसतो : वारा नाही आणि मागचा पडदा स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो.

विजेचं काम मी तपकीर गल्लीतून सामान आणून केलं. त्यातली मुख्य वस्तू म्हणजे प्रो मायक्रो नावाचा बोटभर बोर्ड. त्यावर एटीमेगा ३२यू४ ही चिप असते, आणि तिला यूएसबी स्वतःलाच बोलता येतं, म्हणून संगणक तिला थेट जॉयस्टिक म्हणून ओळखतो. शाळा-कॉलेजात सगळीकडे दिसणाऱ्या आर्डुइनो उनो आर३ या बोर्डाला हे सरळ जमत नाही. माझा मित्र उनो घेऊन बसला आणि त्याचे दोन आठवडे गेले, म्हणून हे आवर्जून लिहितोय.

कोन मोजायला पहिल्यांदा १०के चा (दहा हजार ओहमचा) पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवल्यावर विजेचा रोध बदलणारं बटण, लावला. विमान डावीकडे पटकन कलायचं आणि उजवीकडे खूप फिरवलं तरी ढिम्म. दोन संध्याकाळी मी प्रोग्राममध्ये चूक शोधत होतो. शेवटी पोटेन्शिओमीटर उलटा करून बघितला, त्यावर लिहिलं होतं ए १०के. ए म्हणजे रेडिओच्या आवाजाचा, त्याचा रोध फिरवण्याच्या प्रमाणात वाढत नाही, आधी हळू आणि मग भराभर वाढतो, कारण कानाला आवाज तसाच ऐकू येतो. आपल्याला हवा बी, सारख्या प्रमाणात वाढणारा. दुकानात मी फक्त "१०के द्या" म्हणालो होतो.

बी आणला तो पुढे-मागच्या पल्ल्यासाठी वापरला. सरळ सरकणं गोल फिरण्यात बदलायला लाकडाची एक चकती केली आणि तिच्याभोवती तंगूस गुंडाळली, मासे पकडायची. चकतीचं माप हिशेबाने काढलं : १५ सेंटिमीटर सरकल्यावर पोटेन्शिओमीटर २७० अंश फिरायला हवा, म्हणजे चकतीचा परीघ २० सेंटिमीटर, म्हणजे व्यास साधारण ६४ मिलिमीटर. तंगूस चकतीवर घसरू नये म्हणून दीड वेढा घेऊन मधे बारीक स्क्रूखाली दाबली. साधा दोरा पावसाळ्यात ताणला-आखडला जातो, तंगूस तेवढी नाही.

कलण्यासाठी मात्र चुंबकाचा सेन्सर लावला, एएस ५६००. यात काही घासतच नाही. नळीच्या मागच्या टोकाला छोटं चुंबक, समोर एक-दोन मिलिमीटरवर चिप, आणि ती चुंबकाची दिशा बघून कोन सांगते, पूर्ण फेरीचे ४०९६ भाग करून. माझं चाक दोन्हीकडे ९०-९० अंश फिरतं, म्हणजे २०४८ पायऱ्या मिळतात. चुंबक मात्र व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेलं लागतं, त्याची उत्तर बाजू चकतीच्या एका अर्ध्यात आणि दक्षिण दुसऱ्या अर्ध्यात. सेन्सरबरोबर आलेलं चुंबक भुशात हरवलं म्हणून मी फ्रिजवरचं लावलं, आणि चाक फिरवूनही आकडा भरवशाचा येईना. हरवलेलं शेवटी लोखंडी फूटपट्टी भुशातून फिरवून सापडलं.

इथे लाकूड पुन्हा कामाला आलं. लोखंडी नळीत चुंबक थेट चिकटवलं तर त्याचं क्षेत्र नळीच ओढून घेते. म्हणून सागाचं एक बूच कोरलं, ते नळीच्या टोकात ठोकून दोन सेंटिमीटर बाहेर ठेवलं आणि त्याच्या टोकाला चुंबक बसवलं. बटणांच्या तारा बुचाच्या आधीच नळीला भोक पाडून बाहेर काढल्या.

आकडे थोडे थरथरायचे. पोटेन्शिओमीटरच्या मधल्या पायाला १०४ चा (०.१ मायक्रोफॅरडचा) कपॅसिटर लावला, आणि प्रोग्राममध्ये प्रत्येक वेळी सोळा मोजमापांची सरासरी घेतली. चौसष्ट घेऊन बघितली तेव्हा विमान हाताच्या मागे रेंगाळतंय असं जाणवायला लागलं. सोळावर थांबलो.

सगळं जुळल्यावर एक दोष राहिला होता, तो तिसऱ्या दिवशी उघड झाला. पुण्यावरून उड्डाण करून डावीकडून चक्कर मारत होतो, १९४० फुटांचं लोहगाव आणि वर हजार फूट, म्हणजे २९४० च्या आसपास. प्रत्येक वळण डावीकडे. चौथ्या वळणावर चाक वळलं आणि विमान वळलं नाही. फ्लँज आट्यांवरून सुटत होती. आटे उजवीकडे फिरवल्यावर आवळतात, म्हणजे डावीकडच्या प्रत्येक वळणात मी ती थोडी-थोडी ढिली करत होतो. फ्लँज आणि नळी दोन्हींतून आरपार ५ मिलिमीटरचं भोक पाडून बोल्ट घातला, वायसर आणि लॉकनट लावला. तारांना बोल्टचा धक्का लागू नये म्हणून त्यांच्यावर नळीच्या आत प्लास्टिकची पोंगळी चढवली.

बाहेरच्या पेटीला लाखेचं पॉलिश केलं. चाकाला मात्र नाही, कारण घामाच्या हाताखाली लाख चिकट होते. चाकावर बेलतेल चोळलं, म्हणजे अळशीचं तेल. तीन हात, प्रत्येक हातानंतर दोन दिवस वाळवून. एक सांगायला हवं : बेलतेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते आणि गोळा केलेली चिंधी आपणहून पेटू शकते. मी ती दोरीवर पसरून वाळवली आणि मग टाकली.

पेटी टेबलाला दोन सी-क्लॅम्पने आवळते. वजन साडेसात किलो भरलं. एकूण खर्च सत्तावीसशेच्या आसपास, त्यात फुकट गेलेला साग, चुकीची नळी आणि ए १०के धरून.

दिवाळीत मामा पुण्याला आले. मी त्यांना खुर्चीत बसवलं, कोल्हापूरच्या दिशेने निघालेलं विमान हवेतच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही आधी. डोळे मिटून चाक दोन्ही हातांनी धरलं आणि वर-खाली, डावी-उजवीकडे, अगदी हलकेच दाबून बघितलं, दाराची नवी चौकट उभी केल्यावर बघतात तसं. मग शिंगाच्या बुडाशी अंगठा फिरवला, जिथे पहिलं तुटलं होतं. मग डोळे उघडले आणि खाली कृष्णा दिसते का विचारलं. नदी दिसत होती. वाईचा घाट काही दिसला नाही, सिम्युलेटरमध्ये तिथे नुसती हिरवी-करडी जमीन आहे. तरी त्यांनी तिथेच दोन चकरा मारल्या, डावीकडून.

आता पायाचे रडर पेडल, म्हणजे शेपटीचं सुकाणू फिरवणारे, करायचे आहेत. त्यांच्यावर हातापेक्षा कितीतरी जास्त जोर येणार, उभं राहून दाबल्यासारखा. गेल्या आठवड्यात एसटीच्या पार्सलने गावाहून एक गठ्ठा आला. जुन्या बैलगाडीच्या दांडीतून कापलेले बाभळीचे चार तुकडे, सुतळीने बांधलेले. चारही तुकड्यांवर पेन्सिलचा बाण आहे.